उतरलेला आवाज

काही दुखण्यांचे नाव घेताना माणूस नकळत आवाज उतरवितो. माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनात गाठ झाली, ती तिने दोन महिने कोणाला सांगितलीच नाही. पुढे सांगितली, तीही आईच्या कानात. त्या दिवसापासून आमच्या घरात एकच शब्द वावरत होता, आणि तो कोणीच उच्चारीत नव्हते.

तो शब्द खोटा ठरला. सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग नव्हता. आम्ही पेढे वाटले; परंतु गाठ होती तेथेच होती. ती लाल झाली, पिकली. साधे गळू समजून तिला दोनदा चीर दिली गेली. पू तपासला, त्यात जंतू उगवले नाहीत. नेहमीची औषधे झाली. जखम मात्र मिटेना.

अखेर एका डॉक्टरीणबाईंनी तो तुकडा पुन्हा तपासावयास लावला. या व्याधीस ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस म्हणतात. १९७२ साली ती स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिली गेली. बहुधा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत ती गाठते. बाहेरून ती कर्करोगासारखी भासते आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्षयासारखी; म्हणून क्षय नाही ना, हे आपल्याकडे आधी पाहावेच लागते. बहिणीच्या तुकड्यात पेशींच्या दाटीत वाटोळ्या रिकाम्या जागा होत्या, आणि त्यांत मोजके दंडाकृती जंतू. कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेटी हे त्यांचे नाव १९९८ सालचे. २००२ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी या दुखण्याशी अशा जंतूंचा संबंध दाखविला. हा जंतू स्निग्धतेचा लोभी. प्रयोगशाळेतील नेहमीच्या खाद्यावर तो नीट वाढत नाही. त्यात स्निग्धांश घालून काही दिवस वाट पाहावी, तेव्हा तो दिसतो. पेनिसिलिनच्या जातीची औषधे त्याच्यावर पुष्कळदा चालत नाहीत; डॉक्सिसायक्लिन मात्र चरबीत शिरू शकते.

बाईंनी तेच दिले. पण वचन दिले नाही. त्या म्हणाल्या, “जंतू हेच सर्वस्वी कारण, असे मी म्हणणार नाही. कित्येकींत तो सापडतही नाही. मग दाह उतरविण्यासाठी स्टेरॉइड, प्रसंगी मेथोट्रेक्सेट द्यावे लागते. काहींचे दुखणे आपोआपही बरे होते. सुरी शक्य तितकी दूर ठेवू. महिने लागतील, धीर धरा.”

अकरा महिने लागले. बहिणीने लपविलेले दोन महिने आणि घाईने दिलेल्या दोन चिरा, यांत अधिक अपाय कशाने झाला, हे मला आजही ठरविता येत नाही. लाज आणि घाई या दोहोंच्या मुळाशी भीतीच असते, एवढे मात्र कळले.

परवा शेजारच्या सूनबाईंना अशीच गाठ झाल्याचे बहिणीच्या कानी आले. त्याच दिवशी ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. परत आल्यावर ओसरीवर बसून तिने आम्हांला सारी हकीकत सांगितली, आणि सांगताना तिचा आवाज कोठेही उतरला नाही.