चालत्या यंत्राची शांतता

पाळी गावात धुळीलाही स्वतःचा रंग आहे. डिचोली तालुक्यातील या खाणपट्ट्यात अंगण झाडले तर केरसुणी तांबडी होते, आणि पांढरे वस्त्र बाहेर वाळत घालणे हे धाडसाचे काम ठरते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांना मर्यादित उत्पादनाची मुभा मिळाली. मार्च २०१८ मध्ये त्या पुन्हा बंद पडल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननाला नव्याने आरंभ झाला. हा इतिहास न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदला गेला आहे. आमच्या घरी तो संगणकाच्या जाळीवरही उमटत आला.

हा संगणक लिहिण्याचा नव्हे, ऐकण्या-पाहण्याचा. दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचाला आणि ध्वनिक्षेपकांना तो जोडलेला आहे. जुनी गाणी, नाटके, चित्रपट असा सारा संग्रह त्याच्या पोटात आहे. त्याची खरी मालकीण म्हणजे माझी आई. तिचे वय आता चौऱ्याऐंशी. फोंडा तालुक्यातील केरीच्या केसरबाई आणि साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डीच्या मोगूबाई ही तिची दोन दैवते. तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की एकीची तरी आळवणी झालीच पाहिजे, असा तिचा नेम.

दोन वर्षांपूर्वी तिच्या कानाला श्रवणयंत्र लागले आणि संगणकाच्या पंख्याची घरघर हा आमच्या घरातला एक प्रश्न होऊन बसला. श्रवणयंत्र हवा तो आवाज मोठा करते, तसा नको तोही. सततची घरघर ते काही अंशी गाळते, परंतु त्या गाळण्यात तंबोऱ्याची आसही कधी वाहून जाते. जुन्या तबकड्यांची खरखर आईला चालते. ती गाण्याच्या वयाची आहे, असे ती म्हणते. पंख्याचे मात्र तिला सोसवेना. "अरे, बाई कोठे पोचली ते कळते, पण श्वास कोठे घेतला ते कळत नाही," असे ती एकदा म्हणाली. ज्याला गाणे कळते त्याला या तक्रारीचे मोल सांगायला नको.

पंखा काढून टाकावा, तर यंत्र तापते. संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सारी अखेर उष्णताच होते. साठ वॅटचा संगणक म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने साठ वॅटचा जुना दिवाच. असा दिवा काचेच्या दाराच्या कपाटात कोंडला तर आतली तीच तापलेली हवा फिरत राहते. मग पंखा जोराने फिरू लागतो, आणि तरीही भागले नाही तर प्रोसेसर आपली चाल मंद करून जीव वाचवतो. त्यात आमची धूळ. ती धातूच्या पातळ पात्यांच्या फटींत बसते, पावसाळ्यातल्या दमटपणाने तिचा लेप होतो आणि हवेची वाट बुजते. म्हणजे घरघर हा आजार नव्हेच, लक्षण आहे.

अभियंता असलेला माझा भाचा सुट्टीत आला, तेव्हा त्याने यंत्र उघडण्याआधी कपाटाची मागची फळी पाहिली. "मामा, याला पंखा मोठा नको, आधी वाट मोठी हवी," तो म्हणाला. मला आमचे जुने घर आठवले. चिऱ्यांच्या जाड भिंती, मधोमध राजांगण, वर कौलांच्या फटी. तापलेली हवा वर निघून जाई आणि पडवीकडून थंड हवा तिची जागा घेई. वैशाखातही त्या घराला विजेच्या पंख्याची याचना करावी लागत नसे. सुताराला बोलावून कपाटाला खाली एक आणि मागे वरच्या बाजूस एक अशी दोन खिंडारे पाडली. यंत्राला राजांगण मिळाले, एवढेच.

पुढची कामे लहान होती. ऐंशी मिलिमीटरचा पंखा मिनिटाला चोवीसशे फेरे घेऊन जेवढी हवा लोटतो, जवळजवळ तेवढीच त्याच घडणीचा एकशेवीस मिलिमीटरचा पंखा सातशे फेऱ्यांत लोटतो. आणि वेग उतरला की आवाज फार झपाट्याने उतरतो. म्हणून पंखा बदलला. हवा आत येते तेथे धुता येणारी बारीक जाळी बसवली. राहिली होती एक खोल घूं घूं. ती फिरत्या हार्ड डिस्कची होती, परंतु तिला मोठी करीत होती कपाटाची फळी. तंबोऱ्याची तार एकटी किती बोलणार? तिला भोपळा बोलवतो. येथे फळी हाच भोपळा झाला होता. यंत्राखाली रबराचे चार तुकडे ठेवताच तो मुका झाला. दर महिन्याला मी जाळी धुतो. सहा महिन्यांनी आतली धूळ झाडतो. वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे लागते, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बिघडते.

त्यानंतरच्या एका सांजेला मोगूबाईंची तबकडी संपली, तरी आई हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. "आज श्वास ऐकू आला," एवढेच म्हणाली.

या खटपटीत मला २०१८ चा तो मार्च पुष्कळदा आठवला. रस्त्यावरचे ट्रक थांबले, धूळ खाली बसली, जाळी तीन-तीन महिने पांढरी राहू लागली. गाणे ऐकायला त्याहून चांगले दिवस नव्हते. पण शेजारच्या अंगणात ट्रक गवतात उभे होते, त्यांच्या कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते. त्या निवांतपणात कान सुखावत होते आणि मन लाजत होते. बंद पडल्याची शांतता एक आणि नीट चालल्याची शांतता दुसरी. पहिलीला बटण दाबले की पुरते. दुसरीसाठी उष्णतेला वाट द्यावी लागते, धूळ दारातच अडवावी लागते आणि आपला कंप दुसऱ्याच्या फळीवर लादायचा नाही, याची काळजी घ्यावी लागते. घरातल्या एका पेटीपुरते ते आम्हांला साधले. गावाला अजून साधायचे आहे.