मतपेटी फोडणारी बाई

“ताई, मधल्या पुस्तकात काहीच घडत नाही. नुसत्या मीटिंगा!”

रेल्वे भरतीची तयारी करणारा आमच्या वाचनगटातला एक मुलगा असे म्हणाला आणि सहाला संपणारी रविवारची बैठक त्या दिवशी साडेआठपर्यंत चालली. शेवटी विहाराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काका दारात येऊन उभे राहिले. त्या अडीच तासांत जे बोलले गेले ते लिहून ठेवणे आम्हाला गरजेचे वाटते. वाद सुरू झाला होता एका अमेरिकन विज्ञानकादंबरीवर, पण फिरून तो आपल्याच घराच्या प्रश्नापाशी आला.

आमचा गट अकरा जणांचा. दर पंधरा दिवसांनी नायगावातल्या एका विहारामागच्या खोलीत बसतो. बदलापूर, विरार, मानखुर्द, दिवा अशा ठिकाणांहून पोरे येतात. सगळ्यांना मध्ये पडते ते दादरच, कारण मध्य आणि पश्चिम रेल्वे इथे भेटतात. आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसे इथल्या चाळींत राहत होती. आज गटातल्या एकालाही दादरमध्ये भाड्याने राहणे परवडत नाही. आपण दादरला जमतो आणि शेवटच्या गाडीच्या आत परत जातो.

कादंबरी होती एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेची. ‘ब्रोकन अर्थ’ ही तीन पुस्तकांची मालिका : ‘द फिफ्थ सीझन’ (२०१५), ‘द ओबेलिस्क गेट’ (२०१६) आणि ‘द स्टोन स्काय’ (२०१७). विज्ञानकथेतला मानाचा समजला जाणारा ह्यूगो पुरस्कार या तिन्ही पुस्तकांना ओळीने मिळाला. असे त्याआधी कुणाच्याही बाबतीत झाले नव्हते. आमच्या हातात मराठी अनुवाद नव्हता. इंग्रजी सराईतपणे वाचणारे गटात चौघेच, म्हणून आम्ही प्रकरणे वाटून घेतली आणि वाचणाऱ्याने ती बाकीच्यांना मराठीत सांगायची असे ठरवले. आपल्या आज्या गोष्ट सांगायच्या तशी.

पहिल्यांदा विषय निघाला तेव्हा काकांनीच विचारले होते, “बाबासाहेबांचे खंड वाचून झाले का तुमचे, की आता परदेशी परीकथा घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे : १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डु बॉईस यांना पत्र लिहिले आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. त्याच डु बॉईस यांनी १९२० साली ‘द कॉमेट’ नावाची कथा लिहिली होती. धूमकेतूमुळे न्यूयॉर्क ओस पडते, एक काळा पुरुष आणि एक गोरी बाई उरतात, आणि दुसरी माणसे परत दिसेपर्यंतच वर्णभेद गळून पडलेला असतो. १९७२ साली आपल्या पोरांनी या मुंबईत ‘पँथर’ हे नाव घेतले तेही तिकडूनच. देवाणघेवाण जुनी आहे. त्यात विज्ञानकथा का नको?

आता गोष्ट. एक खंड आहे, जिथे जमीन सतत हादरते. काही माणसे जन्मतःच जमिनीतली शक्ती आवरू शकतात. म्हणजे त्यांच्याच बळावर बाकीचे जिवंत आहेत. पण कायद्याने ती माणसेच नाहीत. त्यांना पकडून बांधून ठेवतात, राबवतात, गावात सापडली तर ठेचून मारतात. उरलेल्या समाजात प्रत्येकाच्या नावाला तीन भाग : स्वतःचे नाव, ‘यूज-कास्ट’ आणि गाव. ‘यूज-कास्ट’ला आम्ही मराठीत ‘कामजात’ म्हणू लागलो. ती बहुधा जन्माने ठरते. नाव, जात, गाव. हे ऐकल्यावर गटातली नर्सिंग करणारी मुलगी हसली. “यात विज्ञान कुठंय? हा तर आमच्या गावचा सातबारा.”

या शक्तीच्या माणसांसाठी एक सभ्य शब्द आहे आणि एक शिवी आहे. शिवी आहे ‘रोगा’. देवनागरीत लिहिल्यावर त्यात ‘रोग’ दिसतो, हे लेखिकेला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण फळ्यावर लिहिला तेव्हा खोली गप्प झाली. मधल्या पुस्तकात कास्ट्रिमा नावाचे भूमिगत गाव आहे आणि त्याची प्रमुख यीका नावाची बाई आहे. तिने ही शिवीच स्वतःच्या नावात कामजातीच्या जागी घातली आहे. यावर गटात दोन तट पडले. एक म्हणाला, शिवी उलटवून तिचा झेंडा करायचा हेच पँथरने केले. दुसरी म्हणाली, बाबासाहेबांनी आपल्याला बौद्ध केले ते जुने नाव टाकण्यासाठी, मिरवण्यासाठी नव्हे. ‘दलित’ की ‘बौद्ध’ की ‘आंबेडकरी’ हा आपला जुना वाद एका काल्पनिक गावावरून पुन्हा रंगला. आम्ही तो मिटवायला गेलो नाही. ज्याने जे सोसले त्याने त्यातून नाव निवडावे, एवढेच आमचे मत.

भाषेचाही एक पेच आला. नायिका एसन हिची प्रकरणे द्वितीयपुरुषी आहेत, निवेदक तिला उद्देशून बोलतो. इंग्रजीत एकच शब्द. मराठीत ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’? एसन चाळिशीतली, मुलगा गमावलेली बाई. एकाने आग्रहाने ‘तुम्ही’ वापरले. त्याच्या आजोबांना गावात दहा वर्षांचे पोरही ‘अरे-तुरे’ करायचे, म्हणून कथेतही कुणाला ‘तू’ म्हणवत नाही, असे तो म्हणाला. नर्सिंगवाली म्हणाली, “आईला आपण तूच म्हणतो की!” शेवटी ‘तू’ राहिले.

मुलीचे प्रकरण मात्र सगळ्यांना आवडले. पहिल्या पुस्तकात एसन आपली शक्ती लपवून एका गावात शिक्षिका म्हणून राहत असते. मुलात तीच शक्ती आहे हे कळल्यावर नवरा त्या पोराला मारतो आणि मुलीला घेऊन निघून जातो. मधल्या पुस्तकात ही मुलगी, नॅसन, बापाबरोबर दक्षिणेला चालली आहे. बापाचे तिच्यावर प्रेम आहे, पण ती ‘बरी’ व्हावी ही त्याची अट आहे. बापाचा चेहरा पाहून काय बोलायचे हे ती लहानगी ठरवते. शेवटी तो तिच्याच जिवावर उठतो. “आडनाव सांगू नको हां,” असे नव्या शाळेच्या दारात ज्यांना आईबापांनी सांगितले होते, अशी तीन माणसे त्या खोलीत होती. आमचे आईबाप त्या बापासारखे क्रूर नव्हते, ते भ्यायलेले होते. पण जे आहे ते लपव म्हणजे चांगले होईल, ही शिकवण पोराच्या मनात काय करते, हे तिघांनाही कळले.

मग ‘काहीच घडत नाही’ हे मत कुठून आले? पहिल्या पुस्तकात जग फुटते, तिसऱ्यात त्याचा निकाल लागतो. मधल्यात एक गाव जमिनीखाली बसून साठे मोजते, भांडते, बैठका घेते. शक्तीची माणसे आणि बाकीची माणसे उघडपणे एकत्र राहतात. मित्रांनो, आपण आपला इतिहासही असाच वाचतो. १९२७ चे महाड, १९३५ ची येवल्याची घोषणा, आणि थेट १९५६ ची नागपूरची दीक्षा. मधल्या एकवीस वर्षांत स्वतंत्र मजूर पक्ष आहे, खोतीविरोधी विधेयक आहे, १९३८ चा कामगारांचा संप आहे, मजूरमंत्रिपद आहे, पीपल्स एज्युकेशन सोसायटी आहे. त्यावर गाणी कमी, म्हणून ती आपण भराभर उलटतो. संघटना मात्र तिथेच बांधली गेली.

आणि कास्ट्रिमात काही घडत नाही हेही खरे नाही. ज्यांना पुस्तक स्वतः वाचायचे आहे त्यांनी माफ करावे, पण पुढचा प्रसंग सांगितल्याशिवाय वाद समजणार नाही. रेनानिस नावाच्या शहराची फौज गावावर येते. निरोप असा : ज्यांच्यात शक्ती नाही त्यांनी आमच्यात यावे, शक्तीच्या माणसांना जागा नाही. गावात यावर मतदान ठेवले जाते. शक्तीची माणसे संख्येने थोडी. निकाल काय लागणार हे सगळ्यांना कळते. एसन येते आणि मतपेटीच नष्ट करते. काही माणसांना माणूस मानायचे की नाही, हा विषय मताला टाकताच येत नाही, हे तिचे म्हणणे.

इथे आमची कायद्याची विद्यार्थिनी उसळली. “हे चालणार नाही! एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य हे बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिलं. मतपेटी फोडणारी बाई आपली नायिका कशी? उद्या दुसरा कुणी बलवान येऊन आपली पेटी फोडेल.” तिने २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचा आधार दिला. संविधानिक मार्ग खुले असताना इतर मार्ग म्हणजे अराजक, असे बाबासाहेबांनी त्यात बजावले आहे. मुद्दा बिनतोड होता. आम्ही गप्प झालो, आणि गप्प बसल्यावर आम्हाला एक जिना आठवला.

लग्नानंतर आम्ही दोघे दादरमध्ये भाड्याचे घर शोधत होतो. तेव्हा दोघांच्या पगारात एक छोटी खोली कशीबशी बसत होती. एक घर पसंत पडले, मालकही तयार होता. दलालाने आडनाव विचारले, मग दोन दिवस फोन नाही. आम्ही स्वतः सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. गृहस्थ सौजन्याने बोलले, चहा विचारला. म्हणाले, “मांसाहारी कुटुंबाला भाड्यानं द्यायचं नाही असा सभेत ठराव झालाय. माझं वैयक्तिक काही नाही हो. पण बहुमतानं झालंय. लोकशाही आहे.” त्याच इमारतीत मासे खाणारी कुटुंबे राहत होती, तळणाचा वास जिन्यातच येत होता. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलेले, बहिष्कृततेवर निबंध लिहिलेले, त्या जिन्यावरून एक शब्द न बोलता खाली उतरलो. ‘लोकशाही आहे’ याला उत्तर काय द्यायचे तेच सुचले नाही.

गटाला हे सांगितले तेव्हा काही वेळ कुणी बोलले नाही. मग रेल्वेवाला मुलगा म्हणाला, “म्हणजे तिथं पण मतपेटीच होती.”

आमच्या मते उत्तर बाबासाहेबांनी १९४७ सालीच देऊन ठेवले आहे. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे त्यांनी संविधानसभेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केलेले निवेदन खंड १ मध्ये आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर आपण तो खंड घेतो आणि बहुतेक ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ वाचून ठेवून देतो. या निवेदनात ते सांगतात, की भारतातले बहुमत हे राजकीय बहुमत नाही, ते जन्माने ठरलेले जमातवादी बहुमत आहे. राजकीय बहुमत बदलते, हे बदलत नाही. म्हणून काही गोष्टी संविधानातच लिहून बहुमताच्या हाताबाहेर ठेवल्या पाहिजेत. मूलभूत हक्कांचा अर्थ हाच. अनुच्छेद १७ वर दरवर्षी मतदान होत नाही. एसनला जे हाताने फोडावे लागले, ते बाबासाहेबांनी कलमाने पेटीबाहेर काढले. तिच्या जगात संविधान नव्हते, म्हणून तिच्यापाशी उरली ती फक्त ताकद. तिचे म्हणणे बरोबर, आणि साधन घातक. गाव वाचते खरे, पण राहण्याजोगे उरत नाही, सगळ्यांना ते सोडून जावे लागते. लेखिका तिला स्वस्तात जिंकू देत नाही.

कायद्याची विद्यार्थिनी तरी थांबली नाही. “ताई, पण तुमच्या जिन्यावर ते कलम कुठं पोचलं?” तिने २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. पारशांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व पारशांपुरते ठेवण्याचा नियम न्यायालयाने वैध ठरवला, कारण मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतात, खासगी संस्थेला तसे बांधत नाहीत. अनुच्छेद १७ खासगी माणसालाही लागू आहे, पण ‘मांसाहारी’ म्हटले की जातीचे नावच उच्चारावे लागत नाही. म्हणजे काही पेट्या अजून संविधानाच्या बाहेर आहेत. आपले काम तिथे आहे.

आणि हे काम ‘मधल्या पुस्तकातले’ आहे. ठरावाची प्रत लेखी मागणे, तक्रार नोंदवणे, भाडेकरूंची प्रकरणे एका वहीत उतरवणे, सभेला हजर राहून विरोध नोंदवणे. यावर कुणी गाणे रचणार नाही. आम्ही त्या दिवशी ठरावाची प्रतही मागितली नव्हती. आज मागितली असती. एवढा फरक या मधल्या वर्षांनी आणि या अकरा जणांनी आमच्यात केला.

एक गंमत निघताना सांगितली. ह्यूगो पुरस्कार वाचकांच्या मतदानाने ठरतो. बायका आणि गोरेतर लेखकांना पुरस्कार मिळतात म्हणून चिडलेल्या एका गटाने २०१५ च्या सुमारास याद्या बनवून ते मतदान ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला होता. बाकीच्या वाचकांनी नोंदणी केली, मते दिली आणि २०१७ साली मतपेटी फोडणाऱ्या बाईच्याच पुस्तकाला मतपेटीतून निवडून दिले. कायद्याची विद्यार्थिनी यावर खूश झाली. दोन्ही बाजू तिलाच मिळाल्यासारखे तिला वाटले असावे.

रेल्वेवाल्या मुलाचे मत अजून पूर्ण बदललेले नाही. पुस्तक शंभर पाने कमी चालले असते, असे तो म्हणतो. पण गृहनिर्माण संस्थांच्या ठरावांची वही आता त्याच्याकडे आहे आणि पहिल्याच महिन्यात तिच्यात सहा प्रकरणे उतरली आहेत. पुढच्या बैठकीत मालिकेचे तिसरे पुस्तक आणि ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ एकत्र घेणार आहोत. ज्यांना घर नाकारले गेले आहे त्यांनी आपली हकीकत घेऊन यावे. इंग्रजी येत नसेल तरी चालेल, आम्ही मराठीत सांगतो.

जय भीम.