वाळूवरचे नृत्य

हलक्याफुलक्या चित्रपटांविषयी माझ्या मनात दीर्घकाळ एक प्रकारची तुच्छता होती. जीवन गंभीर आहे, तेव्हा कलेनेही गंभीरच असावे, अशी माझी ठाम समजूत. गेल्या पावसाळ्यात पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय उचलेना, जीभ जड झाली. संध्याकाळची रोझरी आटोपली की पुढची रात्र खायला उठे. अशाच एका रात्री मुलीने टीव्हीवर एक जुना कृष्णधवल चित्रपट लावून दिला: ‘टॉप हॅट’, १९३५ सालचा, फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांचा. नर्तकांचा चित्रपट, आणि तोही जिचा पाय निकामी झाला आहे तिच्यासमोर! मला मुलीचा रागच आला.

कथानक म्हणाल तर चिमूटभर. नायिका डेल नर्तक जेरीला चुकून आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते, आणि केवळ कोणी कोणाचे नाव विचारीत नाही म्हणून सगळा गोंधळ टिकून राहतो. रागाच्या भरात ती एका इटालियन वेशभूषाकाराशी लग्न लावून मोकळी होते. मात्र लग्न लावणारा पाद्री हा वेषांतर केलेला नोकर निघतो, सबब विवाह रद्द. (हा निकाल आपल्या धर्मप्रांताच्या न्यायालयातही फिरला नसता!) त्या इटालियनाची टवाळी आज खटकते. व्हेनिस शहर तर स्टुडिओत उभारलेले, पांढरेशुभ्र, धुऊन ठेवलेल्या बशीसारखे.

गंमत अशी की, या निष्पाप गोंधळामागे आपल्याच माणसांचा हात आहे. हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० साली येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड आणि कॅथलिक प्रकाशक मार्टिन क्विग्ली यांच्या पुढाकाराने सिद्ध झाली. १९३४ पासून जोसेफ ब्रीन या कॅथलिक गृहस्थांनी ती कसोशीने अमलात आणली. तिच्यात गोऱ्या-काळ्यांचे प्रेम दाखविण्यासही मनाई होती, हे मात्र अभिमानाने सांगण्याजोगे नाही. या चित्रपटात नायक-नायिका एकमेकांचे चुंबनदेखील घेत नाहीत. मनातली सारी ओढ त्यांना पावलांवाटेच बोलून दाखवावी लागते.

अस्टेअरचा आग्रह असे की, नाच होईल तितका अखंड आणि डोक्यापासून पायांपर्यंत दिसला पाहिजे. त्यापूर्वी आठवडेच्या आठवडे तालीम चाले. पूर्वी हे वाचले असते तर मी सोडून दिले असते. पण पलंगापासून खिडकीपर्यंतची सात पावले शिकायला दीड महिना लागताना मी पाहिला आहे. पडद्यावरची ती सहजता किती घामाची असते, हे मला त्या रात्री कळले. आणि ती कोणासाठी? १९२९ च्या आर्थिक अरिष्टाने लाखो अमेरिकन माणसे अजून बेकार होती. खिशातली नाणी मोजून ती तिकीट काढीत.

मी अडखळलो तो आरंभीच्याच एका प्रसंगाशी. लंडनच्या हॉटेलात जेरी मध्यरात्री टाचा आपटीत नाचतो. खालच्या खोलीत झोपलेली डेल जागी होते आणि तक्रार करायला वर येते. ती परत गेल्यावर तो जमिनीवर वाळू पसरतो आणि तिच्यावर हळुवार पावले घाशीत नाचतो. खाली डेलला झोप लागते. एवढेच. पत्नी आजारी पडल्यापासून मी घरात अनवाणी वावरतो, चपलांचा आवाज तिच्या कानी पडू नये म्हणून. हे तिला ठाऊक नसावे, असा माझा समज होता. तो प्रसंग चालू असताना तिने मान वळवून माझ्या पायांकडे पाहिले.

पुढे ‘चीक टू चीक’ हे अर्व्हिंग बर्लिनचे गाणे आले. रॉजर्सच्या अंगात शहामृगाच्या पिसांचा झगा. हा झगा तिने हट्टाने घातला होता. पिसे उडून अस्टेअरच्या कोटाला चिकटत आणि तो वैतागत असे. मला अर्थातच यातले तेव्हा काही माहीत नव्हते.

“पिसं... गळतात,” पत्नी म्हणाली.

पाणी, औषध, दिवा, यापलीकडे तिने कित्येक दिवसांत काही म्हटले नव्हते. मी तो भाग पुन्हा लावला. खरेच, एक पीस झग्यातून सुटून तरंगत खाली येत होते. तिने डाव्या हाताच्या बोटाने खूण केली: आणखी एकदा.