जयपूरची सहल : खिशाला परवडेल, मुलांना आवडेल

शाळेला सुट्टी लागली की घरात दोन आवाज उठतात. मुलांना हवे असते मनोरंजन उद्यान. झोपाळे, खेळ, नाच, खाऊ! वडील मात्र मनातल्या मनात चार तिकिटांची बेरीज करत असतात. वर्षभर काटकसर करून बाजूला ठेवलेले पैसे एका संध्याकाळीच संपले, तर उरलेल्या सुट्टीचे काय?

यावर जयपूर हा चांगला तोडगा आहे. शहराच्या दक्षिणेला टोंक रस्त्यावर चोखी ढाणी आहे. १९९० च्या सुमारास सुरू झालेले हे राजस्थानी खेड्याचे उद्यान. मातीच्या भिंती, कंदिलांचा उजेड, कठपुतळ्यांचा खेळ, कालबेलिया नृत्य आणि पानावर दाल-बाटी-चुरमा. सहलीतला मोठा खर्च हा एवढा एकच ठेवावा. बाकीचे जयपूर थोडक्या पैशांत पाहता येते.

आधी प्रवासाचा हिशेब

मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून दिवाळीची सुट्टी उत्तम. नाताळच्या आठवड्यात गर्दी वाढते आणि हॉटेलांचे दरही चढतात. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी पोचवते. पुण्याहूनही थेट गाडी आहे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, तेव्हा तारीख वहीत लिहून ठेवा. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते. बर्थ नको असेल तर अर्धे. एका रात्रीचा प्रवास आहे. मूल लहानखुरे असेल, तर आईजवळ झोपण्याचा विचार करायला हरकत नाही.

मुक्काम स्टेशनजवळ किंवा बनी पार्क भागात ठेवावा. मेट्रो स्टेशनपासून थेट बडी चौपडला नेते आणि तिथून हवामहल दोन पावलांवर. रोज रिक्षावाल्याशी घासाघीस करण्याची कटकट वाचते.

दोन दिवसांचे तिकीट

आमेरचा किल्ला, जंतरमंतर, हवामहल, अल्बर्ट हॉल आणि नाहरगढ या सर्वांसाठी सरकारचे एकत्रित तिकीट मिळते. पहिल्यांदा वापरल्यापासून ते दोन दिवस चालते. विद्यार्थ्यांना सवलत असल्याने मुलांची शाळेची ओळखपत्रे बॅगेत टाकायला विसरू नका. सिटी पॅलेस आणि जयगढ मात्र यात येत नाहीत. पोचल्या दिवशी हे तिकीट काढू नये. ती संध्याकाळ बापू बाजार, जोहरी बाजारात फिरण्यात आणि गरमागरम प्याज कचोरी खाण्यात घालवावी.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हवामहलाजवळून आमेरची बस पकडावी. वाटेत तलावात उभा असलेला जलमहल रस्त्यावरूनच दिसतो, त्याला पैसे पडत नाहीत. किल्ल्यावर पायी चढायला थोडाच वेळ लागतो. मुलांना इथे एक गोष्ट जरूर सांगावी. १६६५ साली पुरंदरचा तह करणारे मिर्झा राजे जयसिंग याच आमेरचे. पुढच्याच वर्षी आग्र्याला शिवाजी महाराजांसाठी जामीन राहिलेले रामसिंग हे त्यांचे पुत्र. पाठ्यपुस्तकातली नावे अशी समोर उभी राहिली की मुलांचे पाय दुखायचे थांबतात!

दुपारी ऊन असतानाच जंतरमंतर गाठावे. १७२७ साली जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांनी ते बांधले. तिथले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या सावलीवरून वेळ वाचावी आणि मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहावी. दोन्हींत फरक दिसेल. तो का, हे मुलांनाच शोधू द्या. उत्तराचा एक धागा असा : आपले घड्याळ साऱ्या देशासाठी ठरवलेली वेळ दाखवते, तर सावली फक्त जयपूरची.

तिसरा दिवस सैल ठेवावा. सकाळी हवामहलाचे ९५३ झरोके, नंतर अल्बर्ट हॉलमधली इजिप्तची ममी, मग जेवून खोलीवर विश्रांती.

आणि मग चोखी ढाणी

ताजीतवानी मुले घेऊन संध्याकाळी लवकर निघावे, म्हणजे तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल होतात. पंगत कोणती घेता त्यावर दर ठरतो, तेव्हा साधी पंगतच निवडावी. जेवण तिकिटातच असते, म्हणून दुपारी हलके खावे. उंटाच्या फेरीसारख्या काही गोष्टींना मात्र वेगळे पैसे पडतात. खरी कसोटी इथेच लागते. यासाठी निघण्यापूर्वीच प्रत्येक मुलाच्या हाती ठरावीक रक्कम द्यावी. उंटाची फेरी, मेंदी की कठपुतळी, हे त्याचे त्याने ठरवावे. पैसे संपले की संपले. दहा वेळा ‘नाही’ म्हणून आईचा आवाज बसत नाही, मुलाचाही हिरमोड होत नाही. उलट स्वतः निवडून घेतलेली कठपुतळी पुढे कित्येक महिने घराच्या खिडकीत लटकत राहते.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची घेतली, की सकाळी सावकाश सामान आवरता येते. घरी पोचल्यावर हिशेबाची वही मुलांसमोरच उघडावी. काही पैसे उरले असतील, तर पुढच्या सहलीच्या डब्यात ते त्यांच्याच हाताने टाकू द्यावेत.