जेरुसलेमला निघालेलं नाणं

ओहोटी होती आणि रेवस बंदरात गाळ एवढा, की भाऊच्या धक्क्याहून येणारी लाँच बराच वेळ लागली नाही. भाच्याचं विमान रात्रीचं होतं, त्यामुळे तो निवांत होता. अगदी चढता चढता त्याने खिशातून एक नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं.

"मामू, मुंबईला गेलात की हे एखाद्या डब्यात टाका. मला काही जमलं नाही."

नाणं चांगलं जड होतं. एका बाजूला एकाच घोड्यावर बसलेले दोन ढाल-भालेवाले शिलेदार, दुसरीकडे लाल मिन्याचा क्रूस, आणि कडेला बारीक अक्षरांत एक क्रमांक. एका घोड्यावर दोन स्वार ही टेंपलर नाइटांची मुद्रा. आपण ज्यांना सलीबी जंगा म्हणतो, त्यांतले सर्वांत कडवे लढवय्ये ते हेच. असे दोघे मामूच्या हवाली करून भाचा इंग्लंडला परत गेला.

त्याच्या या खेळाचं नाव जिओकॅशिंग. मे 2000च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दोनच दिवसांत ओरेगॉनमधल्या एकाने रानात एक बादली पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर लोक डबे लपवतात आणि दुसरे ते शोधतात. काही डब्यांत अशी क्रमांकाची नाणी असतात. सापडलेलं नाणं ठेवून घ्यायचं नाही. क्रमांकाची नोंद करायची आणि ते पुढच्या डब्यात पोचवायचं. मालक घरबसल्या प्रवास बघतो. काही नाण्यांना मालकाने ठिकाणही नेमून दिलेलं असतं. याला नेमून दिलं होतं जेरुसलेम. तर हे स्वार निघाले जेरुसलेमला आणि पोचले रेवसला.

असरच्या वेळी ते माझ्या सदऱ्याच्या खिशातच राहिलं. सजद्यात खण्णकन पडलं आणि घरंगळत अम्मीच्या खुर्चीशी गेलं. सलाम फिरवला तेव्हा ती चष्मा लावून निरखत होती.

"हा काय हाय?"

मी सांगितलं. नमाज झाली की नाही, हा माझा प्रश्न. तिने हात झटकला. "खिशात गांधीजींची नोट असते तेव्हा होते ना? मग आज काय झालं!"

हा प्रश्न माझ्या आधी फार मोठ्या माणसांनी विचारलेला आहे. अकबराच्या दरबारातले मख्दूम-उल-मुल्क यांनी फतवा दिला होता, की हिंदुस्तानातल्या मुसलमानांवर हज फर्ज राहिलेला नाही. बदायुनी त्यांची कारणं नोंदवतो. खुश्कीचा रस्ता शियांच्या इराणमधून जातो आणि समुद्रमार्गे पोर्तुगिजांचा परवाना घ्यावा लागतो, ज्यावर मरियम आणि ईसा यांची चित्रं असतात. या परवान्याचं नाव कार्ताझ. तो नसेल तर जहाज लुटलं जाई.

ते परवाने देणारेही या दोन स्वारांच्या खानदानातलेच. पोपने 1312 मध्ये टेंपलर संघटना मोडली, तेव्हा पोर्तुगालच्या राजाने 1319 मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' काढून त्यांची तिथली मालमत्ता तिच्याकडे सोपवली. तिचाच लाल क्रूस शिडांवर घेऊन पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला आली. 1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलला ठाणं बांधायला घेतलं. त्याचा कोट रेवदंड्याला अजून उभा आहे, आमच्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर.

फतवा होता, पण हज थांबला नाही. बाबराची मुलगी गुलबदन बेगम 1576 मध्ये सुरतेहून पोर्तुगीज परवाना घेऊनच जहाजात बसली. माझे दादा मुंबईहून बोटीने गेले (ती बोटवारी 1995 मध्ये बंद झाली), तेव्हा पासपोर्टसाठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोटो काढला. कुरकुर केली, पण काढला.

अम्मी हज करून आली आहे. तिची एक इच्छा राहून गेली, बैतुल मुकद्दस. टूरवाला जॉर्डनमार्गे नेणार होता, पैसेही बाजूला काढले होते. मग 2023चा ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर आमच्या घरात तो विषय निघत नाही, टीव्हीवर बातम्या लागल्या की ती उठून आत जाते.

म्हणून नाण्याचं ठिकाण तिला सांगायचं मी टाळत होतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे या लोकांचं मुख्य ठाणं थेट मस्जिद-ए-अक्सातच होतं. तिला ते सुलेमानांचं मंदिर म्हणत, त्यावरून टेंपलर हे नाव. 1187 मध्ये सलाहुद्दीन जेरुसलेममध्ये दाखल झाले तेव्हा ते उठले.

शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे हा जाणार आणि मी नाही."

मला दुसरं काही सुचेना, म्हणून उसामा इब्न मुनकिजचा किस्सा सांगितला. शाम मुलखातला हा सरदार सलीबींशी आयुष्यभर लढला, पण जेरुसलेमला गेला की टेंपलर त्याला दोस्त म्हणत आणि अक्साजवळच्या एका छोट्या मशिदीत नमाजेसाठी जागा मोकळी करून देत. एकदा तो नमाजेत असताना युरोपातून नव्याने आलेल्या एका फिरंग्याने त्याला धरून पूर्वेकडे वळवलं. टेंपलरांनी त्या माणसाला ओढून बाहेर काढलं आणि उसामाची माफी मागितली. उसामाने स्वतःच हे लिहून ठेवलंय.

"किती वेळ ठेवली ती जागा?" अम्मीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

खरं सांगायचं तर नाणं खाडीत टाकावं असं मला दोनदा वाटलं. कुणाला कळणार होतं? पण अम्मीनेच ते रुमालात बांधून माझ्या बॅगेत ठेवलं. "अमानत हाय, ती पोचवायची. कोणाचीबी असूं दे."

परवा सकाळी भरतीला लाँच मिळाली. रुमाल सोडून मी नाणं पुन्हा खिशात ठेवलं होतं. तिकिटाचे सुटे काढताना तेही हातात आलं. तिकीटवाल्याने उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. "चाचा, हे नाही चालणार. दुसरं द्या."