डब्यातली बिले

मागील वर्षी दिवाळीपूर्वीची झाडलोट करताना आईच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हाती लागला. उघडून पाहतो तो आत औषधांच्या दुकानातील बिले! महिन्यांच्या क्रमाने लावून रबराने बांधलेली, जवळजवळ तीन वर्षांची. “ही कशाला जपून ठेवलीस?” असे विचारताच ती सहज म्हणाली, “अरे, विमा उतरविला तेव्हा तूच नव्हता का म्हणालास, आता औषधपाण्याची काळजी नको म्हणून? कधीतरी एकदम पाठविशील, म्हणून ठेवली.”

डब्याच्या तळाशी एका कागदाच्या पुडीत सुरीने कापलेल्या अर्ध्या गोळ्या होत्या. त्यांविषयी मी विचारले नाही. पैसे परत येईपर्यंत आईने आपल्यापरीने काटकसर चालविली होती, हे उघडच होते.

वाचकहो, दिवसभर मी दुसऱ्यांची वाक्ये एका भाषेतून दुसरीत आणीत असतो. एखाद्या शब्दाशी अडखळलो तर तीन कोश उघडतो. परंतु स्वतःच्या घरच्या विम्याचा कागद मी कधी सावकाश वाचला नव्हता. त्या रात्री तो वाचला, आणि ध्यानात आले की सारा मजकूर ‘रुग्णालयात दाखल होणे’ ह्या एका क्रियेभोवती फिरतो आहे. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमे असेच असतात. साधारणपणे चोवीस तास खाटेवर राहावे लागते. मोतीबिंदूसारख्या दिवसभरात आटोपणाऱ्या शस्त्रक्रियांना तेवढी सवलत असते. दाखल होण्यापूर्वीचे बहुधा 30 दिवस आणि घरी परतल्यानंतरचे 60 दिवस त्याच आजारासाठी घेतलेल्या औषधांचा खर्च मिळतो. एकसष्टाव्या दिवसापासून मात्र मधुमेहाची वा रक्तदाबाची नित्याची गोळी ‘बाह्यरुग्ण’ ह्या सदरात जाऊन पडते, आणि ते सदर निराळा हप्ता भरून मुद्दाम घेतले नसेल तर एक पैही मिळत नाही.

ह्यामागील तर्क मला समजतो. घराला आग लागेल की नाही हे ठाऊक नसते, म्हणून तिचा विमा उतरविता येतो. चुलीला सरपण तर रोज लागणारच. पण तर्क समजला तरी तो पटतोच असे नाही. नित्याची गोळी चुकली की रुग्णालयाची पायरी जवळ येते. तेथील लाखाचे बिल विमा भरणार, आणि ते टाळणाऱ्या गोळीकडे मात्र पाठ फिरविणार!

सरकारी योजनांतही ही सीमारेषा दिसते. 2018 साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाकाठी पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, 2024 पासून सत्तर वर्षांवरील सर्वांनाही तिचा लाभ आहे. परंतु तीही रुग्णालयातील उपचारांची योजना असून घरी गेल्यावरची औषधे पंधरा दिवसांपुरतीच. ह्याउलट 1952 पासून चालू असलेल्या कामगार राज्य विमा योजनेचे आणि 1954 साली दिल्लीत आरंभ झालेल्या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे दवाखाने नित्याची औषधेही देतात. आपल्या घरातील कोणी ह्यांपैकी एखाद्या योजनेत असेल तर त्याच्या कार्डावर आईवडिलांची नावे बसतात का, हे आधी पाहावे. पुष्कळ घरांतून ते कार्ड नुसते पडून असते.

आमच्या घरी असे कार्ड नव्हते. दुसऱ्या दिवशी ती पुडी घेऊन मी आईसह डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक अर्धी गोळी तळहातावर घेतली आणि म्हणाले, “आजी, ही गोळी पोटात हळूहळू विरघळावी अशी केलेली असते. कापली की औषध एकदम सुटते.” आई खाली मान घालून ऐकत होती, मला तिच्याकडे पाहवेना. मग त्यांनी कंपनीच्या नावांऐवजी औषधांची मूळ नावे लिहून दिली, आणि जनऔषधी केंद्रातून त्याच औषधांचे महिन्याचे बिल पूर्वीच्या निम्म्याहून कमी झाले. एक गोळी तेथे नव्हती, ती अजून बाहेरूनच आणतो.

त्या बिलांच्या गठ्ठ्यात दोन महिन्यांची बिले खरोखर पैसे मिळण्याजोगी होती. दीड वर्षापूर्वी रक्तदाब एकाएकी वाढून आई चार दिवस रुग्णालयात होती, त्यानंतरच्या साठ दिवसांतील ती. चिठ्ठीसह वेळेवर धाडली असती तर रक्कम पदरात पडली असती. मुदत केव्हाच उलटून गेली होती. आई म्हणाली, “मग टाकू का सगळी?” मी ती दोन महिन्यांची तेवढी काढून घेतली आणि माझ्या विम्याच्या कागदाला टाचून ठेवली. डबा तिने घासूनपुसून उन्हात ठेवला. त्या दिवाळीत त्यात शंकरपाळे भरले होते.