डाग

सोमवारी करोल बागेचा बाजार बंद असतो. त्या दिवशी पहाटे, झाडूवाला यायच्या आधी, आमच्या गल्लीत झारेकरी येतो. दिल्लीत त्याला न्यारिया म्हणतात. बीडनपुऱ्यात आणि रैगरपुऱ्यात सोन्याचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बहुतेक वेळा एक खोली, चार पाटे आणि एक शेगडी. त्यांच्या दारातली माती, पायपुसण्याखालची धूळ, मोरीतला गाळ हे सगळं तो एका डब्यात भरून नेतो. घरी जाऊन धुतो, चाळतो, पुन्हा धुतो. एवढ्या खटाटोपातून कणभर काही हाती लागलं तर त्यावर त्याचं घर चालतं. पंचवीसेक वर्षं मी हे गॅलरीतून बघत आलो आहे, आणि दर वेळी मला जरा शरमल्यासारखं होतं. कारण आदल्याच दिवशी, रविवारी, मीही तेच करून आलेला असतो.

माझी माती दर्यागंजची. तिथला जुन्या पुस्तकांचा बाजार पूर्वी फुटपाथवर भरायचा. २०१९ साली त्याला तिथून उठवलं आणि आसफअली रोडवर, डिलाइट सिनेमासमोरच्या महिला हाटच्या आवारात नेऊन बसवलं. मेडिकलच्या गाइडांचे आणि स्पर्धापरीक्षांचे ढीग उपसत मी कवितांची पुस्तकं शोधतो. तीही साधी नव्हेत. चित्रकाराने चित्रं काढलेली, मोजक्या प्रतींत छापलेली, आणि कवीची किंवा चित्रकाराची, नशीब फारच जोरावर असेल तर दोघांची, सही असलेली. असं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो. या आवृत्तीच्या अमुक प्रती काढल्या, त्यांपैकी ही तमुक क्रमांकाची, असं तिथे छापलेलं असतं आणि क्रमांक शाईने हाताने भरलेला असतो. त्या हाताने लिहिलेल्या आकड्यासाठी माणसं काय काय करतात! मीही केलं आहे. एकदा घरभाड्याचे पैसे मोडले होते. ते पुस्तक कोणाचं, हे घरात अजून माहीत नाही, तेव्हा इथेही सांगत नाही.

या नादाची गंगोत्री पॅरिसची. १९१३ साली सांद्रार या कवीची एक लांबलचक कविता सोनिया दलोने या चित्रकर्तीने रंगवली. घडीचा कागद उलगडला की दोन मीटर लांब. दीडशे प्रती काढायच्या आणि सगळ्या टोकाला टोक लावून उभ्या केल्या की आयफेल टॉवरची उंची व्हावी, असा बेत. तेवढ्या प्रती काही निघाल्या नाहीत, पण बेत मात्र अजून सांगितला जातो. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या इंडिया सोसायटीने रवींद्रनाथांची इंग्रजी गीतांजली काढली होती. प्रती साडेसातशे, त्यांतल्या विक्रीला फक्त अडीचशे, आणि सुरुवातीला रोथेनस्टाइनने पेन्सिलीने काढलेलं रवींद्रनाथांचं चित्र. वर्षभरात नोबेल आलं आणि गीतांजली घरोघर झाली. त्या अडीचशे जणांना तेव्हा कसं वाटलं असेल, याचा मी उगाचच विचार करत बसतो. आपल्या परसातल्या विहिरीवर अख्खं गाव पाण्याला यावं, तसं काहीसं.

खालच्या मजल्यावरच्या आबांना यातलं काही पटत नाही. आबा खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. दुष्काळी भागातून पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं मूस आणि चिमटा घेऊन देशभर पांगली. जिथे सराफी पेठ तिथे विटा-आटपाडीचं एक तरी घर असतंच. आबा जुनं सोनं गाळतात, टंच काढतात, म्हणजे सोन्याचा कस बघतात. त्यांच्या बोटांची टोकं तेजाबाने पिवळट काळी झालेली आहेत. एकदा मी क्रमांकाची प्रत आणली म्हणून आनंदाने त्यांना दाखवली. त्यांनी आधी हात धोतराला पुसले, पुस्तक उचललं, वजन केल्यासारखं तळहातावर खालीवर केलं.

"नंबर घातलाय म्हंजे ऐवज असणार," ते म्हणाले. "आमच्यात बी आता तसंच झालंय ओ. दर डागाला नंबर."

खरंच होतं. एक एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी खूण असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही, आणि प्रत्येक दागिन्याची खूण वेगळी. म्हणजे करोल बागेतली प्रत्येक बांगडी आता क्रमांकित प्रत आहे. मी हे आबांना सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं, आणि कोपऱ्यावर अंगठ्याचा पिवळट ठसा उमटला.

"डाग पडला वाटतं," ते ओशाळून म्हणाले.

डाग म्हणजे दागिना आणि डाग म्हणजे डागच. आपल्या भाषेने दोघांना एकाच शब्दात बसवलं आहे. त्या दिवशी मला राग आला होता, हे कबूल करतो. आता ते पुस्तक काढलं की मी आधी तो कोपराच बघतो.

मराठी कवितेचा संग्राहक व्हायचं म्हटलं तर मोठी पंचाईत आहे. इकडे मर्यादित आवृत्ती काढायची गरजच पडत नाही. कवितासंग्रह निघाला की तो मर्यादितच. पाचशे प्रती छापायच्या, शंभर वाटायच्या, उरलेल्या पलंगाखाली. क्रमांक घालायचाच तर पलंगाला घालावा. तरी चित्रांची हौस आपल्याकडे कमी नव्हती. मडगावहून आलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली 'दीपावली' काढली आणि चित्राशेजारी कविता वाचायची सवय मराठी घरांना लागली. पण ते सगळं दिवाळी अंकातलं. दिवाळी सरली की अंक रद्दीत, नाहीतर शेजारी.

कवी आणि चित्रकार एकाच अंगात नांदणारा आपल्याकडचा माणूस म्हणजे अरुण कोलटकर. जे. जे.त शिकलेला, पोटासाठी जाहिरातींचं काम करणारा. १९७६ साली चार कवींनी मिळून मुंबईत 'क्लिअरिंग हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली, तिच्या पुस्तकांची वेष्टणं त्याने केली. त्याची इंग्रजी 'जेजुरी' तिथूनच निघाली. मराठी कवितांचं पुस्तक पुढच्या वर्षी अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाकडून आलं. मग सव्वीस वर्षांनी, २००३ साली, 'भिजकी वही'. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात तो गेला. साहित्य अकादमीचा पुरस्कार त्या वहीला मिळाला तेव्हा ती घेऊन मी मंडी हाउसला अकादमीच्या रवींद्र भवनाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो होतो. कशासाठी, ते सांगता येणार नाही. माझ्या प्रतीवर सही नाही, क्रमांक नाही. पण पानावर ओळ कुठे सुरू व्हावी आणि केवढी जागा कोरी सुटावी, हे बघताना वाटतं की कवीचा हात इथे शाईच्या सहीपेक्षा जवळ आहे. कागदावरची कोरी जागा कोणाची, हे ओळखू येणं ही काही साधी गोष्ट नाही.

सह्या मिळतातही. २०२५च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन तालकटोऱ्याला भरलं. म्हणजे आमच्या दाराशीच. एका कवींपुढे मी पाऊण तास रांगेत उभा राहिलो. त्यांनी प्रेमाने नाव विचारलं, प्रेमाने लिहिलं, आणि प्रेमाने चुकीचं लिहिलं. ती प्रत आता दुसऱ्याच कोणाची तरी आहे.

करोल बाग म्हटलं की लोकांना लग्नाचे लेहेंगे आणि गफ्फार मार्केटचे मोबाइल आठवतात. कवितेचं पुस्तक आणि करोल बाग, यांची सोयरीक कोणाच्या डोक्यात येत नाही. ज्या हकीम अजमल खानांच्या नावाच्या रस्त्यावर आपण साड्या घेतो, ते 'शैदा' या नावाने उर्दू-फारसी कविता करत. त्यांनी उभं केलेलं तिब्बिया कॉलेज इथेच आहे. १९२१ साली गांधीजींनी त्याचं उद्‌घाटन केलं होतं. १९२५ साली जामिया मिल्लिया अलीगढहून हलली ती याच करोल बागेत, ओखल्याला जायच्या आधी दहाएक वर्षं. आणि त्याच वर्षी जर्मनीत शिकणारे झाकिर हुसेन बर्लिनच्या काविआनी छापखान्यातून गालिबचा दीवान छापून घेत होते. खिसा-आकाराचं देखणं पुस्तक. खिळे जुळवायला ते स्वतः बसत, असं सांगतात. पाठोपाठ तिथूनच हकीमसाहेबांचा, 'शैदा'चा, दीवान निघाला. १९२६ साली झाकिरसाहेब परत येऊन जामियाचे कुलगुरू झाले ते इथल्याच भाड्याच्या घरांतून. म्हणजे पुढे राष्ट्रपती झालेला माणूस हाताला शाई लावून कवितेचं पुस्तक नीट छापतो आहे, आणि ज्याचा दीवान छापतो आहे त्याचं कॉलेज आमच्या पेठेत आहे! साडीवाल्यांच्या गर्दीतून जाताना मी हे स्वतःला अधूनमधून सांगतो. बरं वाटतं.

पण माझी खरी गोष्ट बाऊजींच्या भिंतीवर होती. १९९६ साली मी ज्यांच्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, भाड्याने राहायला आलो ते घरमालक बाऊजी लाहोरचे, फाळणीत आलेले. त्यांच्या बैठकीत, टेलिव्हिजनच्या वर, एका फ्रेममध्ये चित्र होतं. लांब मानेची, अर्धे डोळे मिटलेली बाई, अंगावरचं वस्त्र धुरासारखं वळत गेलेलं, आणि हातात दिवा. ती चुग़ताईची बाई होती. अब्दुर रहमान चुग़ताई या लाहोरच्या चित्रकाराने गालिबचा दीवान चित्रांनी सजवला आणि १९२८ साली 'मुरक्का-ए-चुग़ताई' म्हणून छापला. इक्बालची प्रस्तावना, आणि मोजक्या प्रती चित्रकाराच्या सहीच्या, क्रमांकाच्या. माझा श्वासच अडकला. पुस्तक कुठे आहे, मी विचारलं. बाऊजींच्या वडिलांनी ते लाहोरला घेतलं होतं. येताना ट्रंकेत ओल शिरली, पानं चिकटली, वाचलं ते एवढं एक. पुस्तकावर सही होती का, मी पुन्हा विचारलं.

"दस्तखत?" बाऊजी म्हणाले. "दस्तखत तो लाहोरवाले मकान के कागज़ पर भी थे, बेटा."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. बाऊजी गेले. मुलांनी घर बिल्डरला दिलं, तळमजला आबांनी घेतला, वरचा मी. फ्रेम कोणालाच नको होती. ती मला मिळाली. काच बदलायला म्हणून मी मागचे खिळे काढले तर चित्राच्या पाठीवर, पेन्सिलीने, उर्दूत चार-पाच ओळी. खाली एक आकडा आणि लफ्फेदार काहीतरी. आकडा आणि लफ्फेदार काहीतरी! मला उर्दू येत नाही. आबांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "टंच निघणार बघा."

चित्र दोन पुठ्ठ्यांत घालून मी तिब्बिया कॉलेजात गेलो. युनानी शिकणारी मुलं उर्दू वाचतात. ओपीडीच्या बाहेर एक तरुण हकीम डबा उघडून बसला होता. त्याने हात धुतले, चित्र उलटं धरलं, ओठ हलवत वाचलं.

"दूध," तो म्हणाला. "कोयला. आटा, आधा मन. ये मिट गया है. नीचे, मुन्नी की फीस, बाकी."

आणि ते लफ्फेदार? ते 'बाकी'च होतं.

मला ते लिहून हवं होतं. त्याने जवळची केसपेपरची चिठ्ठी ओढली, देवनागरीत एकाखाली एक सगळं उतरवलं, आणि सवयीने खाली तारीख घालून सही ठोकली. कोपऱ्यावर डब्यातल्या भाजीचं तेल लागलं. ती चिठ्ठी आता फ्रेमच्या आत आहे, चित्राच्या पाठीला लावलेली.